तवंगाखालचे मासे

पाण्यावर सांडलेल्या तेलामुळे मासे गुदमरून मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. तवंगामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात कमी मिसळतो, हे खरे. पण माशाला त्याहून मोठा धोका असतो तो तेलातून पाण्यात उतरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या घटकांचा. पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे पीएएच, हे त्यांतले प्रमुख. ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरतात. मोठ्या माशाचे यकृत त्यांचे रूपांतर करून ते पित्तावाटे बाहेर टाकते. त्यामुळे माशाचा तेलाशी नुकताच संबंध आला होता का, हे मांसापेक्षा पित्त तपासून अधिक चांगले कळते.

अंड्यातल्या गर्भाची ही यंत्रणा पुरेशी तयार झालेली नसते. फेनँथ्रीनसारखा पीएएच हृदयाच्या पेशींमधली पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा अडवतो. ठोके मंदावतात, हृदयाभोवती पाणी साचते, कणा वाकतो. असे पिल्लू अंड्यातून बाहेर आले तरी त्याला धड पोहता येत नाही आणि ते लवकर कुणाचे तरी भक्ष्य होते. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या माशांच्या मोजणीत त्याची नोंद होत नाही.

तवंग हटवण्यासाठी डिस्पर्संट फवारतात. भांड्याच्या साबणाप्रमाणे त्यांच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. तवंग फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि लाटांबरोबर खाली पसरतात. पक्षी, किनारा आणि खारफुटी वाचण्याची शक्यता वाढते; तेल खाणाऱ्या जिवाणूंना जास्त पृष्ठभाग मिळतो. परंतु वर तरंगणारे तेल आता माशांच्या वावराच्या थरात आलेले असते. 1967 मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ फुटले, तेव्हा वापरलेल्या रसायनांनी किनाऱ्यावरच्या जीवांची तेलापेक्षाही अधिक हानी केली. पुढे कमी विषारी डिस्पर्संट आले. मेक्सिकोच्या आखातात 2010 च्या ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनेत असे सुमारे 70 लाख लिटर डिस्पर्संट वापरले गेले. रसायन सौम्य झाले तरी मूळ प्रश्न उरतोच. डिस्पर्संट तेल नाहीसे करत नाही. तेलाचा भार पक्ष्यांनी सोसायचा की माशांनी, एवढेच ते ठरवते. खोल समुद्रात थेंब लवकर विरळ होतात म्हणून हा सौदा परवडू शकतो. उथळ पाण्यात परवडत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर हा पेच 7 ऑगस्ट 2010 रोजी उभा राहिला. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली, ‘चित्रा’ कलंडले आणि सुमारे 800 टन तेल समुद्रात गेले. तटरक्षक दलाने डिस्पर्संट फवारले, तरी रायगडच्या किनाऱ्यावरची खारफुटी काळवंडली. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर होती. अनेक माशांच्या विणीचा म्हणून मासेमारी बंद ठेवण्याचा हंगाम संपत आला होता. म्हणजे अंडी आणि पिल्ले पाण्यात असण्याचेच हे दिवस. गिऱ्हाइकांनी मासळीकडे पाठ फिरवली, ती मात्र बाजारातल्या मोठ्या माशांच्या भीतीने.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेत अशी टक्कर होणार नाही. तिथे तेल आणि साबण रोज एकत्र वाहतात. 1560 च्या दशकात बांधलेल्या हुसेन सागराला चार प्रमुख नाले मिळतात. त्यांपैकी कुकटपल्ली नाला कुकटपल्ली, बालानगर, जीडिमेटला या पट्ट्यातले औद्योगिक आणि घरगुती सांडपाणी वाहून आणत आला आहे. यंत्रकामाच्या शेडमधले कटिंग ऑइल, गॅरेजमधले जळके ऑइल आणि घरोघरच्या धुण्याचे पाणी एका प्रवाहात पडले, की डिस्पर्संटचीच रसायनक्रिया कुणी न ठरवता घडते. साबणातले द्रव्य कल्ल्यांवरचा संरक्षक चिकट थर धुऊन काढते आणि तेलातल्या विषाची वाट सोपी होते. मरळीसारख्या माशाची कोंडी दुहेरी असते. तिला हवा घेण्यासाठी ठरावीक वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते आणि तोंड उघडायचे ते थेट तवंगात. समुद्रातल्या माशाला दूर निघून जाता येते. तलावातल्या माशाला चारी बाजूंनी बांध असतो.

नाल्याचे पाणी तलावात न सोडता वळवण्याची कामे झाली, तरी जोराच्या पावसात नाले तुंबतात आणि ओसंडतात. शिवाय माशांसाठी पाणी योग्य आहे की नाही हे ठरवणारा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ‘ड’ वर्ग पाहतो तीन गोष्टी: विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम, सामू 6.5 ते 8.5 आणि मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमपर्यंत. पीएएच किंवा साबणद्रव्य त्यात नाही. सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यात पीएएच किती, हे तो आकडा सांगत नाही.

वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. लहान गॅरेजपर्यंत हा नियम पोहोचवणे हा पहिला उपाय आहे, कारण पाण्यात मिसळलेले तेल परत वेगळे काढणे सोपे नसते. दुसरा उपाय तपासणीचा. तेलंगणात 2016 पासून सरकार तलावांत मोफत मत्स्यबीज सोडते. शहराच्या सांडपाण्याशी संबंध असलेल्या तलावात ते सोडण्याआधी तिथल्या माशांचे पित्त आणि कल्ले तपासले जावेत आणि निकाल जाहीर व्हावेत.