विभक्त आई-बाप आणि लेकरांचे छप्पर

मागच्या शाबान महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. एके दिवशी असरच्या नमाजनंतर एक भगिनी आपल्या दोन मुलांना घेऊन दारात आल्या. सकाळपासून त्या खोली शोधत फिरत होत्या. नई जिंदगी, शास्त्री नगर, विजापूर वेस असे करत त्या आमच्या गल्लीपर्यंत पोहोचल्या होत्या. भाडे त्यांना मान्य होते, अनामत रक्कमही त्यांनी जमवली होती. मी विचारले, "मुलांचे वडील काय करतात?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आम्ही वेगळे झालो आहोत, भाईसाहेब." मी म्हणालो, "घरात विचारून कळवतो."

घरात मी कोणालाही विचारले नाही, आणि त्यांना काही कळवलेही नाही.

या नकाराबद्दल मला कोणी जाब विचारणार नाही. घर माझे आहे, ते कोणाला द्यावे हा माझा अधिकार आहे. परंतु जी गोष्ट कायद्याने गुन्हा नाही, ती अल्लाहच्या दरबारात निर्दोष ठरेलच असे नाही. म्हणून प्रश्न पडतो: पती-पत्नी विभक्त झाल्यावर लेकरांच्या डोक्यावरील छप्पर ही कोणाची जबाबदारी? आईची, बापाची, की आपणा सर्वांची?

दिव्य कुरआनातील सूरह अत-तलाकची पहिलीच आयत पाहावी. इद्दतीच्या काळात स्त्रियांना त्यांच्या घरातून बाहेर काढू नका, असा आदेश तेथे दिला आहे. त्यांनीही घर सोडून जाऊ नये, असे सांगितले आहे. अपवाद फक्त उघड दुराचाराचा. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घर बहुधा पतीच्या मालकीचे असते, तरी अल्लाह तआलाने ते त्या स्त्रियांचे घर म्हणून संबोधले आहे. याच सूरहच्या सहाव्या आयतीत आज्ञा आहे की तुम्ही जेथे राहता तेथे आपल्या ऐपतीप्रमाणे त्यांना ठेवा आणि त्यांचे जगणे कोंडीत सापडेल असा त्रास देऊ नका. आपल्याकडे मात्र याच्या उलट घडते. भांडण विकोपाला गेले की पहिल्याच दिवशी बाईच्या हाती कपड्यांची पिशवी दिली जाते आणि तिला माहेरच्या वाटेला लावले जाते. ज्या काळात मन निवळावे व समेट व्हावा, तोच काळ तिचा रस्त्यावर जातो.

कोणी म्हणेल, इद्दत संपली की ते दोघे एकमेकांना परके झाले. मग कसले घर आणि कसले भाडे? इद्दतीतील निवाऱ्याबाबतही फुकहांमध्ये मतभेद आहेत. तलाक अंतिम असला तरी इद्दतीत निवास आणि खर्च दोन्ही पतीकडे, असे हनफी मत आहे. शाफई मतानुसार गर्भवती नसल्यास केवळ निवास. हे मतभेद आदरपूर्वक समजून घ्यावेत. परंतु ते पती आणि पत्नी यांच्याविषयीचे आहेत. तलाक पती-पत्नीचा होतो. बाप-लेकराचा होत नाही. निकाहाचे नाते तुटले तरी जन्माचे नाते तुटत नाही. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाला दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे, आणि मुलामुळे ना आईला हानी पोहोचावी, ना बापाला, असा समतोल सांगितला आहे. हनफी फकीह इब्न आबिदीन यांनी याच प्रश्नाचा विचार केला आहे. मूल आईच्या संगोपनात असेल आणि तिच्याकडे स्वतःचे घर नसेल, तर त्या निवाऱ्याचे भाडे मुलाच्या पालनपोषणाचा भार ज्याच्यावर आहे त्याने द्यावे, या मताकडे ते झुकतात. म्हणजे हे भाडे तलाकशुदा पत्नीवरचे उपकार नव्हेत. ते मुलाचे बापावरील देणे आहे.

या बाबतीत मोठ्यांचे वर्तन कसे होते? हजरत उमर (रजि.) आपल्या एका पत्नीपासून विभक्त झाले होते. तिच्यापासून झालेला मुलगा आसिम त्यांना कुबा येथील मशिदीच्या अंगणात खेळताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या वाहनावर घेतले. मुलाच्या आजीने, आईच्या आईने, त्यांना अडवले. प्रकरण खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे गेले. मुलाला आजीकडेच राहू द्या, असे त्यांनी सांगितले. आणि ज्यांच्यासमोर भलेभले दबून असत ते उमर (रजि.) यावर एक शब्दही उलट बोलले नाहीत. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हा प्रसंग नोंदलेला आहे. मुलाचे हित समोर आले की बापाने आपला मान बाजूला ठेवावा, हा त्यातील धडा आहे.

आपल्या शहरात अनेक कुटुंबे यंत्रमागावर आणि विड्यांवर जगतात. तेथे बाप म्हणेल, मलाच पुरत नाही, दोन घरांचे भाडे कोठून देऊ? त्याचे उत्तर त्याच सूरहच्या सातव्या आयतीत आहे: संपन्न माणसाने संपन्नतेनुसार खर्च करावा, आणि ज्याची रोजी तुटपुंजी आहे त्याने अल्लाहने जे दिले त्यातून द्यावे. भार ऐपतीइतकाच आहे. पण तो शून्य नाही. स्वतः खोली शोधणाऱ्या बापानेही विचार करावा. मित्रांच्या खोलीत एक खाट मिळवून भागते खरे, पण तेथे लेकराला रात्री कसे आणणार? मुलांच्या शाळेजवळ लहानशीच का होईना, ती येऊन राहू शकतील अशी जागा पाहणे हाही बापाच्या कर्तव्याचा भाग आहे. आईनेही ती वाट अडवू नये.

देशाचा कायदाही येथे शरीअतच्या हेतूच्या फार दूर नाही. दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले की १९८६ च्या कायद्यानुसार पतीने इद्दतीच्या मुदतीत करावयाची वाजवी तरतूद ही तलाकशुदा स्त्रीच्या पुढील आयुष्यासाठीही असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार न्यायदंडाधिकारी पीडित स्त्रीसाठी पर्यायी घराचा किंवा त्याच्या भाड्याचा आदेश देऊ शकतात. परंतु ईशभय बाळगणाऱ्या माणसाने कोर्टाच्या समन्सची वाट का पाहावी?

आता आपण घरमालक. भाडे किती, माणसे किती, उत्पन्न काय, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. खोली सोडणार नाही अशी भीती असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी करावी. ती जबाबदारी मालकाचीच आहे. पण "नवऱ्याला का सोडले?" हा भाडेकराराचा प्रश्न नव्हे. सूरह अल-हुजुरातमध्ये संशयापासून व दुसऱ्याचे दोष शोधण्यापासून रोखले आहे. एकटी आई म्हणजे बदनामी, असे गृहीत धरणे हा संशयच आहे.

एक आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगरमध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा कष्टकऱ्यांना जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरे मिळाली. प्रधानमंत्री आवास योजनेत घर स्त्रीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे असावे, असा दंडक आहे. ज्या स्त्रीचे नाव घराच्या कागदावर आहे, तिला दारोदार फिरण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्या लेकींसाठी दागिन्यांचा हिशेब करताना हेही लक्षात ठेवावे.

आपल्या जमाअतींमध्ये फारकतीच्या वेळी मेहर आणि सामानाची यादी काळजीपूर्वक लिहिली जाते. त्याच कागदावर आणखी एक ओळ असावी: मुले कोठे राहतील आणि त्या घराचे भाडे कोण, किती देईल.

त्या भगिनींना पुढे कोठे खोली मिळाली, मला ठाऊक नाही. त्यांचा पत्ता विचारण्याचेही सौजन्य मी दाखवले नव्हते. माझ्याकडे दोन खोल्या होत्या आणि त्यांच्याकडे भाडे होते. कमी पडला तो माझा विश्वास. अल्लाह तआला माझ्या या चुकीला क्षमा करो आणि आपली दारे लेकरांसाठी उघडण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.