पुरे म्हणणारा

पंगतीत 'पुरे' हा शब्द सर्वांत जास्त उच्चारला जातो आणि सर्वांत कमी पाळला जातो. वाढणाऱ्याला तो ऐकू येत नाही, आणि जेवणाऱ्यालाही तो फारसा मनापासून म्हणायचा नसतो. 'पुरे' म्हणणे हे किती अवघड काम आहे, हे मला मात्र पंगतीत नव्हे, एका ट्रकाच्या बॉनेटखाली कळले.

आमच्या एका स्नेह्यांकडे १९५२ सालचा पेट्रोलवर चालणारा ट्रक आहे. ते त्याला 'व्हिंटेज' म्हणतात. वहिनींचा शब्द वेगळा आहे. इंजिन सुरू केले की त्याच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळू लागे.

कार्बोरेटरचे काम पेट्रोल आणि हवा यांचे लग्न लावण्याचे. वजनाने एक भाग पेट्रोल, तर हवा सुमारे पंधरा भाग. त्याच्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते आणि तीत पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. वाटी भरत आली की फ्लोट वर येतो, निडल दाबतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. म्हणजे अख्ख्या ट्रकात 'पुरे' म्हणणारा हा एकटाच!

मिस्त्रींनी तो काढला, कानाशी हलवला आणि म्हणाले, "साहेब, हा स्वतःच प्यायलाय!"

गरम पाण्यात बुडवताच त्याच्या सांध्यातून बुडबुडे आले. केसाएवढी चीर. तिच्यातून पेट्रोल आत शिरले, फ्लोट जड होऊन बुडाला आणि दार सताड उघडे राहिले.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण किती समजूतदारपणे म्हणतो! चाखले चमचाभर, तर बिघडले कुठे? फ्लोटच्या पोटातही चमचाभरच पेट्रोल निघाले. नुकसान त्या चमच्याचे नव्हतेच. राखणदार प्यायला की त्याला 'पुरे' म्हणता येत नाही, आणि मग वाहून जाते ते सारे तळे. दुसऱ्याला आवरायला बसवलेल्या माणसाने आतून रिकामेच राहावे लागते. पगार तेवढाच, आणि चारी बाजूंनी पेट्रोल!

मिस्त्रींनी आतला थेंबन् थेंब काढला, फ्लोट वाळवला, चीर झाळली आणि वरचे जादा सोल्डर घासून टाकले.

"राहू द्या की, मजबूत होईल," मी म्हणालो.

"नको साहेब. जास्त झालं तर त्या वजनानं पण बुडंल."

थोडक्यात, सुधारणेलाही कुणीतरी 'पुरे' म्हणायला हवे.