आरोहणाचा अधिकार

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत काकडूच्या उष्ण, दलदलीच्या अरण्यापासून उलुरूच्या तांबड्या वाळवंटापर्यंत जो प्रवासी जातो, त्याच्यापुढे एक धर्मविषयक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो: जे स्थान इतरांना पूज्य आहे, तेथे आपले पाऊल पोहोचू शकते एवढ्यावरून जाण्याचा अधिकार आपणास प्राप्त होतो काय? उलुरूचा 348 मीटर उंचीचा पाषाण म्हणजे तेथील मूळ रहिवासी अनंगू लोकांच्या पूर्वजांनी घालून दिलेल्या आचारधर्माचे जणू दप्तरच होय. 1985 साली सरकारने त्या भूमीची मालकी त्यांना परत दिली खरी, परंतु त्याच वेळी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने ती पुन्हा आपल्या ताब्यात घेतली (हे औदार्य मोठे हिशेबी म्हटले पाहिजे!), आणि आरोहणाची मुभाही चालूच राहिली. वर चढू नये, अशी अनंगूंची विनंती पायथ्याशीच फलकावर लिहिलेली असे. तरीही सहस्रावधी प्रवासी ती वाचून वर चढत. हुकूम मोडल्यास शिक्षेचे भय असते, विनंती मोडल्यास काहीच नसते. म्हणून मनुष्याच्या श्रद्धेची, निदान सभ्यतेची, पारख मला हुकुमापेक्षा विनंतीपाशीच अधिक होते असे वाटते. दर्शनाला शिखर लागत नाही. 26 ऑक्टोबर 2019 पासून आरोहणास कायमचा मज्जाव आहे. पायथ्याभोवतीची सुमारे 10 किलोमीटरची प्रदक्षिणा मात्र सर्वांस खुली आहे.