गोडाचें माप

गोड खावें कीं न खावें, हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला, किंवा फार तर वैद्याच्या खोलींतला वाटतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे तो नीतिशास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. मनुष्याच्या जीवनांत सुखाला स्थान किती असावें, हा तत्त्वज्ञांचा फार जुना वाद आहे. बहुसंख्य माणसांच्या वांट्याला हा वाद राज्यत्यागाच्या किंवा मोक्षाच्या रूपानें येत नाहीं. तो ताटांतल्या दुसऱ्या पुरणपोळीच्या रूपानें येतो. पहिली पोळी संपली आहे, वाढणारीच्या हातांत दुसरी तयार आहे, पोट भरलें आहे आणि जीभ भरलेली नाहीं. त्या क्षणीं माणूस जें उत्तर देतो त्यांत त्याचें बरेंचसें तत्त्वज्ञान येऊन जातें. मग त्यानें ग्रंथ वाचलेले असोत वा नसोत.

या प्रश्नाचीं दोन सरळ उत्तरें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पहिलें असें कीं, जिभेचें सुख हें सुखच नव्हे. देह चालण्यापुरतें खावें. महात्मा गांधींनीं १९१५ सालीं अहमदाबादेस आश्रम स्थापिला आणि आश्रमवासीयांच्या व्रतांत अस्वादाचा समावेश केला, तो याच विचारानें. दुसरें उत्तर असें कीं, आयुष्य चार दिवसांचें, तेव्हां मिळेल तें आणि मिळेल तेवढें खावें. पहिलें उत्तर थोर खरें, पण तें आश्रमाचें आहे. ज्या घरांत बारसें होतें, लेक माहेरीं येते, मुलगा परीक्षा पास होतो, त्या घराला तें पेलत नाहीं. दुसरें उत्तर सोपें आहे, पण त्याचा हिशेब पुढें गुडघे, हृदय आणि रक्तांतली साखर चुकता करून घेतात. या दोहोंच्या मध्यें गृहस्थाची अशी एखादी वाट आहे काय, हें येथें पाहावयाचें आहे. आणि त्यासाठीं वाचकांना प्रथम एका कोरडवाहू मुलुखांत नेणें जरूर आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गाच्या पुढें जळकोट म्हणून एक गांव आहे. लातूर जिल्ह्यांत याच नांवाचें दुसरें गांव आहे, तें निराळें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. ज्वारी, तूर आणि हरभरा हीं येथलीं जुनीं पिकें. आणि पाऊस असा कीं, त्याच्या भरंवशावर कोणीं वचन देऊं नये. या भागांत, तसेंच लातूर-सोलापूरकडे व सीमेपलीकडील कर्नाटकांत, मार्गशीर्षांतील अमावास्येला दर्शवेळा अमावास्या साजरी होते. लोक तिला ‘येळवस’ म्हणतात. त्या दिवशीं गांवें रिकामीं होतात आणि शेतें माणसांनीं भरून जातात. कडब्याची खोप उभी करून तींत पूजा होते, आणि मग जेवण. गव्हाची खीर, बाजरीचे उंडे, ताकांत ज्वारीचें पीठ शिजवून केलेली आंबिल, आणि ओले दाणे व पालेभाज्या यांना डाळीचें पीठ लावून केलेली भज्जी. पाहुण्याला आमंत्रण लागत नाहीं. वाटसरूलाही हांक मारून बसवितात.

या जेवणांत कोणी मोजून खात नाहीं, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. खीर वाडग्यानें ओरपली जाते आणि आंबिलीचें मडकें रिकामें होईपर्यंत कोणी उठत नाहीं. तरीही या सणानें कोणाची प्रकृति बिघडली असें सहसा ऐकूं येत नाहीं. कारण उघड आहे. आदल्या दिवशीं भाकरी होती आणि दुसऱ्या दिवशींही भाकरीच असणार. शेतापर्यंतची वाट पायांनीं तुडविलेली असे. शिवाय त्या खिरींत शेजाऱ्याचा, गड्याचा आणि परक्याचाही वांटा असे. वर्षाच्या मापानें पाहिलें तर ती खीर फारच थोडी होती. माप होतेंच, फक्त तें ताटांत दिसत नव्हतें, पंचांगांत होतें.

येथें एक मोह आवरला पाहिजे. असा सण पाहिला कीं, जुन्या पिढीच्या संयमाचे गोडवे गाण्याची आपणां सुशिक्षितांना संवय आहे. आमचे आजोबा साखरेला शिवत नसत, म्हणून ते काटक होते, असें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. पण साखर घरांत होती आणि ते शिवत नसत, कीं साखर घरांत नव्हतीच, हें कोणी विचारीत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लाखों माणसें खडी फोडण्यास आणि तलाव खणण्यास गेलीं, तेव्हां कामावर त्यांना सुकडी वांटण्यांत येई. ती गोडसर कोरडी भुकटी हें त्या पोटांचें औषध होतें. ज्याच्या घरीं पोळी नाहीं त्यानें पोळीचा त्याग केला असें म्हणणें, ही भाषेचीही थट्टा आणि माणसाचीही. दारिद्र्यानें आलेलें रोडपण हा सद्‌गुण नव्हे. चरकाचार्यांनीं निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूलाबरोबर अतिकृशालाही बसविलें आहे, तें कांहीं उगीच नाहीं.

तेव्हां मागच्या पिढ्यांच्या भोंवतीं जें कुंपण होतें तें त्यांनीं घातलेलें नव्हतें. तें अवर्षणानें, कर्जानें आणि लांबच्या बाजारानें घातलें होतें. आतां तें पडलें आहे. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढें ऊंस महाराष्ट्रभर पसरला; धाराशिवसारख्या तहानलेल्या जिल्ह्यांतही तो आला. हमरस्त्याच्या कडेला आज बारा महिने मिठाई मिळते, गोड पाण्याच्या बाटल्या मिळतात, बिस्किटांचे पुडे मिळतात. येळवस वर्षांतून एकदांच येते, पण खीर रोज येऊं शकते. अशा वेळीं संयमाची पहिली खरी परीक्षा सुरू होते. ज्याला मिळतच नव्हतें त्याला सोडावयाचें नव्हतें. ज्याला मिळतें त्यालाच आतां सोडावें किती आणि घ्यावें किती, हें स्वतःशीं ठरवावें लागतें. या दृष्टीनें समृद्धि ही नीतीची वैरीण नसून तिची पहिली संधि आहे.

ठरविण्यासाठीं कांहीं आंकडे हाताशीं असलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, अन्नांत वरून घातलेली साखर, मध, सरबतें वगैरेंपासून मिळणारी शक्ति दिवसाच्या एकूण शक्तीच्या दशांशाहून कमी असावी, आणि विसांशाहून कमी असल्यास अधिक चांगलें. २००० कॅलरींचा आहार धरला तर हें दुसरें माप २५ ग्रॅमचें, म्हणजे सुमारें सहा लहान चमच्यांचें होतें. दोन-दोन चमच्यांचे तीन पेले चहा घेतले कीं तें भरलें. पेढ्याची पाळी अजून यावयाचीच आहे! गुळाला आपण सात्त्विक मानतों, पण या हिशेबांत त्यालाही सूट नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील माता आणि बालकें यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो भरलें. परंतु आपल्या बालकांच्या अंगीं स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. २००४ सालीं याच डॉक्टरांनीं आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचेंच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, पण एकाच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरांत २१.२ टक्के! म्हणूनच २००९ सालीं आपल्याकडील तज्ज्ञांनीं भारतीयांसाठीं मर्यादा खालीं आणल्या. किलोंतल्या वजनाला मीटरांतल्या उंचीच्या वर्गानें भागून येणारा आंकडा २३ झाला कीं सावध व्हावें, २५ ला स्थूलता समजावी, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा, असें त्यांचें सांगणें आहे.

या शोधाचा नैतिक अर्थ असा कीं, कित्येक पिढ्यांची उपासमार आपल्या देहांत अजून मुक्कामाला असण्याचा संभव आहे. टंचाईंत घडलेला देह सुबत्तेच्या ताटावर बसला म्हणजे तो जें मिळेल तें जपून ठेवूं पाहतो. तेव्हां एखाद्या स्थूल माणसाला पाहून ‘हा खादाड’ असा निकाल देण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. देहाच्या ठेवणींत आईबापांचा, गर्भाचा, झोंपेचा आणि धंद्याचाही वांटा असतो. मिताहार हा ज्याचा त्यानें पाळावयाचा धर्म आहे; दुसऱ्याला मोजण्याची ती काठी नव्हे.

मग माप कोणतें? याच धाराशिव जिल्ह्यांत, भूम तालुक्यांत, कुंथलगिरी हें दिगंबर जैनांचें सिद्धक्षेत्र आहे. त्या भागांतला खवा आणि पेढे दूरवर प्रसिद्ध आहेत. आणि त्याच कुंथलगिरीवर सप्टेंबर १९५५ मध्यें आचार्य शांतिसागर महाराजांनीं सल्लेखना घेऊन देह ठेवला. एकाच भूमीवर रसनेचा एवढा मान आणि रसनेचा एवढा जय! आपण गृहस्थ या दोन टोंकांत गोंधळून जातों, आणि आज पावशेर पेढे व उद्यां निर्जळी उपास अशी तडजोड करतों. परंतु जैन शास्त्रानें तपाचे जे प्रकार सांगितले त्यांत अनशनाशिवाय ‘ऊनोदरी’ हें निराळें तप सांगितलें आहे. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षां थोडें कमी जेवणें. तें निराळें कां सांगावें लागलें असेल? ताटावर न बसणें एकवेळ सोपें. ताटावर बसून, चव घेऊन, मध्येंच हात आंखडणें फार अवघड. उपासाला एकच निश्चय पुरतो, ऊनोदरीला घासागणिक निश्चय लागतो. वाग्भटानेंही पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वायूला मोकळा ठेवावयास सांगितला आहे. त्यांत अन्नाला बंदी नाहीं; मोकळ्या जागेला मान आहे.

हें माप सर्वांना सारखें असूं शकत नाहीं. ॲरिस्टॉटलनें मध्यम मार्गाचें विवेचन करतांना मिलो नांवाच्या मल्लाचें उदाहरण दिलें आहे. जेवढें अन्न त्या मल्लाला कमी, तेवढेंच नवशिक्याला फार. म्हणून मध्य हा दोन आंकड्यांमधला आंकडा नव्हे, तो त्या त्या माणसापुरता मध्य. याच तत्त्ववेत्त्यानें आणखी एक भेद दाखविला आहे. एक मनुष्य वासनेशीं झगडून तिला आवरतो. दुसऱ्याची वासनाच सुसंस्कृत झालेली असते, म्हणून त्याला झगडावें लागत नाहीं. रोज सकाळीं वजनकांट्यावर उभा राहून प्रत्येक लाडवाचा पश्चात्ताप करणारा मनुष्य पहिल्या पायरीवर आहे. तोही एका परीनें अन्नाचाच दास. त्याच्या मनांत दिवसभर अन्नावांचून दुसरें कांहीं नसतें. जो एक लाडू आनंदानें खातो आणि नंतर त्याविषयीं विसरतो, तो खरा मुक्त.

अशी वासना एकट्यानें घडत नाहीं, ती घर घडवितें. आपल्या पंक्तींत आग्रहाला प्रेमाची खूण मानतात. पुरे म्हणणाऱ्याच्या ताटांत जिलेबी टाकणारा स्वतःला उदार समजतो. वास्तविक तो पाहुण्याचा निश्चय आपल्या हौसेपायीं मोडीत असतो. एकदां विचारणें हें आदरातिथ्य, दुसऱ्यांदा विचारणें हा शिष्टाचार, आणि न विचारतां वाढणें ही जबरदस्ती होय. दुसरा अन्याय अधिक मुका आहे. सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेली खीर वायां जाऊं नये म्हणून ती गृहिणीच्या पोटांत जाते. अन्नाची नासाडी पाप खरी, पण त्याचें प्रायश्चित्त एकाच व्यक्तीच्या देहानें कां घ्यावें? ज्या घराला मिताहार हवा आहे त्यानें प्रथम पातेलें लहान घ्यावें, आणि उरलेंच तर शेजारीं वाटी पाठवावी.

येळवशीच्या खिरीचें रहस्य यापलीकडे फारसें नाहीं. तिला दिवस होता, तिला श्रम होते आणि तिला वांटेकरी होते. त्या दिवसांची टंचाई पुन्हां यावी असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. पण या तीन गोष्टी टंचाईशिवायही राखतां येतात. गोडाला दिवस नेमून द्यावा. शक्य तों तें घरीं, हातानें करावें. आणि एकट्यानें, उभ्या उभ्या, दुसऱ्या कामांत मन गुंतवून तें कधींही खाऊं नये. असें केल्यानें वजन आटोक्यांत राहण्यास मदत होईल, हा लाभ लहान नाहीं. पण त्याहून मोठा लाभ असा कीं, गोड पुन्हां गोड लागूं लागेल. जें रोज मिळतें त्याची चव जीभ विसरते आणि मग अधिक मागते. मुलाच्या हातावर एकच लाडू ठेवून त्यांतला अर्धा भावंडाला द्यावयास शिकविणारी आई त्याचें खाणें कमी करीत नाहीं. उरलेल्या अर्ध्या लाडवाची पुरी चव घेण्यास ती त्याला शिकविते, आणि ही शिकवण त्याला जन्मभर पुरते.