पीएसए चाचणी आणि ज्ञानाचे मोल

मूत्राशयाच्या खाली असलेली प्रोस्टेट ग्रंथी पीएसए नावाचे एक प्रथिन तयार करते. त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो, आणि दर मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅमहून अधिक प्रमाण आढळल्यास कर्करोगाचा संशय घेण्याची प्रथा रूढ झाली. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे अनुमान होय, कारण धुरावरून अग्नी ओळखावा तसे येथे प्रथिनावरून रोगाचे ज्ञान अपेक्षिले जाते. परंतु धूर आणि अग्नी यांच्यातील अव्यभिचारी साहचर्य, म्हणजेच व्याप्ती, येथे आढळत नाही: वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए चढते, आणि कधी रोग असूनही ते चढत नाही. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, असताना व नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या खुणेला, नैयायिक सव्यभिचार म्हणतात आणि त्याची गणना हेत्वाभासांत, म्हणजे सदोष हेतूंत, करतात. त्यातून संशय तेवढा उपजतो, आणि तो फेडण्यासाठी सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासावे लागतात.

याहून गहन प्रश्न अनुमान खरे ठरल्यावर उभा राहतो. प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके मंद वाढतात की त्यांचा उपद्रव होण्याआधीच मनुष्य अन्य कारणाने मरतो. अशा रोगाच्या शोधाला अतिनिदान म्हणतात. ब्रिटनमधील प्रोटेक्ट अभ्यासात रोग सापडलेल्या 1,643 पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ देखरेख अशा तीन गटांत यदृच्छेने विभागणी केली गेली, आणि 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत सुमारे 97 टक्के पुरुष या रोगाने दगावलेले नव्हते. उपचार घेतलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला मात्र लघवीवरील ताबा सुटणे किंवा लैंगिक दुर्बलता आली.

म्हणून चाचणी निरर्थक ठरते असे मुळीच नाही. युरोपातील बहुराष्ट्रीय अभ्यासाच्या 23 वर्षांच्या पाठपुराव्यात, तपासणीसाठी बोलावलेल्या दर 456 पुरुषांमागे या रोगाने होणारा एक मृत्यू टळला. तो एक पुरुष कोणता, हे मात्र कधीच दाखवता येत नाही. ज्याची शस्त्रक्रिया अनावश्यक होती तोही स्वतःला वाचलेलाच समजतो, आणि त्यामुळे चाचणीचे मोल ठरवण्याच्या कामी वैयक्तिक अनुभव, कितीही उत्कट असला तरी, प्रमाण ठरत नाही. एकदा झालेले ज्ञान परतही करता येत नाही. यास्तव संमती रक्त काढण्यापूर्वीच, हे सारे समजावून, घेतली गेली पाहिजे. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला पीएसए न विचारता उरकणे हा त्या पुरुषावर अन्यायच आहे. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला आहे त्याचा धोका अधिक असतो, आणि तेच विवेचन ऐकून त्याने चाचणीच्या बाजूने कौल दिला, तर तो निर्णयही तितकाच विवेकाचा ठरतो.