वाराला आकाश नाही

वर्ष सरत आले की एक निरोप हमखास फिरू लागतो : येणाऱ्या वर्षाचे कॅलेंडर अमुक जुन्या वर्षाशी तंतोतंत जुळते. २०२५ हे अशा निरोपासाठी अगदी सोयीचे वर्ष होते, कारण त्याची जोडी १९४७ शी जमत होती. स्वातंत्र्याचा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता, २०२५ चाही शुक्रवारीच आला. अशा जुळणीत काही संकेत दडला आहे, असे मानणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

गणित मात्र साधे आहे. ३६५ दिवसांत बावन्न आठवडे बसतात आणि एक दिवस उरतो. म्हणून साधे वर्ष सरले की पुढच्या वर्षी तीच तारीख एका वाराने पुढे सरकते; मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वारांनी. वर्षाचा पहिला दिवस सातांपैकी कुठलाही वार असू शकतो आणि वर्ष साधे तरी असते किंवा लीप तरी. म्हणजे जगात कॅलेंडरे आहेत एकूण चौदा. तीच आलटून पालटून भिंतीवर येतात. १९४७ चे कॅलेंडर १९५८, १९६९, १९७५, १९८६, १९९७, २००३ आणि २०१४ सालीही येऊन गेले होते. अंतर कधी अकरा वर्षांचे, कधी सहाचे. अकरा, अकरा आणि सहा मिळून अठ्ठावीस, आणि अठ्ठावीस वर्षांत सगळे चक्र एकदा फिरते. लीप वर्षाला मात्र पूर्ण अठ्ठावीस वर्षे थांबावे लागते : १९९६, २०२४, मग २०५२. २१०० हे वर्ष चाराने भाग जात असूनही लीप नसेल, तेव्हा ही लयही अडखळेल. तिचा पूर्ण फेरा चारशे वर्षांचा आहे. त्यात १,४६,०९७ दिवस येतात आणि या संख्येला सातने नेमका भाग जातो. हा नियम घालणाऱ्या पोप ग्रेगरींच्या पंडितांना ऋतू आणि ईस्टर सावरायचे होते. चारशे वर्षांनी वारही जागेवर यावा ही बेरीज आपोआप जमली.

आता तीच दोन वर्षे पंचांगात पाहू. १९४७ चा १५ ऑगस्ट अधिक श्रावणातली वद्य चतुर्दशी होता, अमावस्या एका दिवसावर होती. २०२५ च्या १५ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. एका वर्षी मलमास, शुभकार्ये थांबलेली. दुसऱ्या वर्षी कृष्णजन्माची तयारी. चौकटी त्याच, वार तेच, पण आकाश निराळे. छापील कॅलेंडर परत येते तेव्हा परत येतो तो तारीख आणि वार यांचा मेळ. चंद्र त्या करारात नसतोच.

चंद्राचा करार वेगळा आहे. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. तफावत राहते ती दोन-अडीच तासांची. म्हणूनच एकोणिसाव्या वाढदिवसाला आपली जन्मतिथी आणि जन्मतारीख बहुधा पुन्हा हातात हात घालून येतात. अधिक महिनाही याच हिशेबाने परततो. २००४ साली अधिक श्रावण होता, तो २०२३ मध्ये पुन्हा आला; २००७ चा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. पण 'जवळजवळ' हा शब्द इथे कायमचा मुक्कामाला आहे. त्या दोन तासांचेही शतकानुशतके दिवस होतात, मग कुणीतरी दुरुस्ती सुचवतो, कुणीतरी नाकारतो, आणि पंचांगांत तट पडतात. आकाशाशी बांधलेल्या प्रत्येक चक्राचे हे प्राक्तन आहे.

साठ संवत्सरांचे चक्र याबाबतीत बोलके आहे. मुळात ते गुरूच्या गतीचे. बारा वर्षांचा एक फेरा, असे पाच फेरे. गुरूचे एका राशीतले वास्तव्य वर्षाहून थोडे कमी पडते, म्हणून नर्मदेच्या उत्तरेला सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी एक संवत्सर गाळून गुरूशी मेळ राखण्याची रीत होती. दक्षिणेने तो नाद सोडला आणि नुसते मोजत राहणे पसंत केले. आपल्याकडे शके १८८७ विश्वावसू होता आणि शके १९४७ ही विश्वावसूच. मध्ये कुणी काही गाळले नाही, जोडले नाही. गुरू आपल्या वाटेने गेला. चक्र मात्र साधे झाले आणि टिकले.

वाराने तर हे आधीच साधले आहे. महिन्यामागे चंद्र आहे, वर्षामागे सूर्य आहे. सात दिवसांमागे आकाशातली एकही फेरी नाही. नावे ग्रहांची असली तरी शनिवारी शनी कुठे आहे याच्याशी वाराला देणेघेणे नाही. चूक ठरवायला ज्याच्याशी ताडून पाहावे असे काही बाहेर नसल्यामुळे वार चुकू शकत नाही, आणि म्हणून त्याला कधी दुरुस्त करावे लागले नाही. १५८२ मध्ये पोप ग्रेगरींची नवी गणना लागू करताना रोमने दहा दिवस गाळले, तेव्हा ४ ऑक्टोबरचा गुरुवार सरला आणि १५ ऑक्टोबर उजाडला तो शुक्रवार होता. १७५२ मध्ये इंग्रजांनी अकरा दिवस गाळले; २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ तारखेचा गुरुवार आला. तारखांना कात्री लागली, वारांच्या माळेतला मणी मात्र गळला नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचे मोल विचारा. शिवराज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता. त्याच्या हिशेबी तो दिवस ६ जून १६७४. पोर्तुगालने नवी गणना आधीच स्वीकारलेली असल्यामुळे पोर्तुगीज मोजणीत तोच दिवस १६ जून. आपल्या गणनेत ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तिन्हींत वार एकच, शनिवार. जेधे शकावलीतली शिवजन्माची नोंदही अशीच तपासता येते : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३०, नव्याने १ मार्च. दोन्हीकडे शुक्रवारच येतो.

मध्य प्रदेशातल्या एरण येथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला स्तंभलेख आहे. त्यात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडच्या लेखांत वाराचा हा फार जुना दाखला. एकोणिसाव्या शतकात गुप्त संवताचा आरंभ कधीचा यावर विद्वानांत वाद होता. पुराभिलेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांच्यासाठी कोकणातल्या मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी गणित मांडले आणि तो दिवस २१ जून ४८४ ठरला, गुरुवारच. नुसता वार जुळणे हा काही पुरावा नव्हे. चुकीच्या वर्षीही सातांत एकदा तो जुळणारच. पण तिथी एका चक्रातून येते, वार दुसऱ्यातून, आणि दोन्ही एका दिवशी भेटतात तेव्हा संशयाला जागा थोडी उरते. एकटे चक्र 'पुन्हा तेच' एवढेच सांगते. स्वतंत्र गतीची दोन चक्रे एकमेकांना छेदतात तेव्हाच काळातला एखादा दिवस नेमका सापडतो.

ही माळ तोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. क्रांतीनंतर फ्रान्सने दहा दिवसांचा आठवडा आणला. १८०६ उजाडताच नेपोलियनने ते कॅलेंडर गुंडाळले. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये यंत्रे अखंड चालावीत म्हणून पाच दिवसांचा आठवडा काढला आणि कामगारांचे पाच गट पाडले. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, अशी घरे झाली. मग सहा दिवसांचा आठवडा झाला आणि १९४० मध्ये मुकाट सातावर परतावे लागले. आपणही यातून सुटलो नाही. दरवर्षी एकच कॅलेंडर चालावे म्हणून वर्षाचा एक दिवस आणि लीपचा जादा दिवस वारांच्या बाहेर ठेवावा, ही 'जागतिक कॅलेंडर'ची कल्पना १९५० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांपुढे नेली ती भारताने, आणि खगोलशास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे पुरस्कर्ते होते. गणिताच्या दृष्टीने योजना देखणी होती. पण बिनवाराचा एक दिवस मान्य केला की ज्यूंचा शब्बाथ आणि ख्रिस्ती रविवार दरवर्षी निदान एका दिवसाने घसरणार होते. धर्मसंस्थांनी विरोध केला, १९५५ मध्ये अमेरिकेने नकार कळवला आणि योजना बारगळली. ज्या साहांच्या समितीने देशातल्या पंचांगांचा मेळ घालून राष्ट्रीय दिनदर्शिका दिली, त्यांनाही एक रविवार हलवता आला नाही.

मला यात निव्वळ सनातनीपणा दिसत नाही. सूर्य-चंद्राचे चक्र आपण पाळो न पाळो, फिरतच राहते. आठवडा फक्त पाळल्यानेच आहे. सगळ्यांनी एक दिवस मोजायचे सोडले तर तो पुन्हा शोधायला आकाशात कुठेही जागा नाही. ज्याला निसर्गाची हमी नाही ते माणसे जास्त जपतात. आणि पाळणारी माणसेच असल्यामुळे वारांचा अर्थही तीच ठरवतात. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुट्टीसाठी लढा दिला. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांना ऐकवले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून, एका शनिवारी. यातल्या कुणी मोजणीला हात लावला नाही. सातापैकी कुठला दिवस कुणाचा, एवढेच भांडण होते. मालकाशी आणि सरकारशी भांडून जिंकता येण्याजोगे तेच होते, आणि ज्यांना आठवड्याची सुट्टी अजून मिळत नाही त्यांच्यासाठी ते अजून चालू आहे.