कोवळ्या वयाचा शब्द

शब्द देणे ही आपल्याकडे लहानसहान गोष्ट मानली जात नाही. लग्नातही आधी वाङ्निश्चय, मग बाकीचे सारे. पण शब्द देणाऱ्याचे वय काय असावे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अमेरिकेतील मुलींच्या फुटबॉलमध्ये जे घडले त्याने तो माझ्यापुढे उभा केला.

१९७२ साली तिकडे ‘टायटल नाइन’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असे त्याने बजावले. विद्यापीठांनी मुलींचे संघ उभारले, शिष्यवृत्त्या ठेवल्या. फुटबॉलला, म्हणजे तिकडच्या सॉकरला, त्याचा मोठा लाभ झाला. त्या देशाच्या महिलांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले, त्याला या कायद्याचाही हातभार आहे.

परंतु उत्तम खेळाडू थोड्या आणि विद्यापीठे पुष्कळ. एका प्रशिक्षकाने अकरावीतल्या मुलीला विचारले की दुसरा दहावीतलीला विचारी, तिसरा नववीतलीला. असे होता होता, हायस्कूलची पायरीही न चढलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली ‘मी अमक्याच विद्यापीठाकडून खेळेन’ असा शब्द देऊ लागल्या. एवढ्या लहान मुलीला प्रशिक्षकाने फोन करण्यास मनाई होती. तिने केलेला फोन घेण्यास नव्हती. मग तिच्या क्लबच्या प्रशिक्षकाकरवी निरोप जाई आणि मुलगी फोन करी. नियमही पाळला जाई आणि कामही साधे! पुष्कळ प्रशिक्षकांनाच हे रुचत नव्हते. पण ‘मी थांबलो तर शेजारचा नेईल’ या धास्तीने कोणी थांबत नव्हते.

यात गैर ते काय, असे कोणी विचारील. तिकडचे उच्च शिक्षण अतिशय महाग. आईबापांच्या जिवाचा घोर मिटतो, मुलगीही आनंदाने हो म्हणते. शिवाय शब्द केवळ तोंडी. लेखी करार शाळेच्या शेवटच्या वर्षाआधी होत नाही. तोवर दोन्ही बाजू मोकळ्या.

मला अडते ते इथेच. त्या कागदावर मोकळ्या असतात, मनाने नव्हे. चार वर्षांत प्रशिक्षक दुसरीकडे नोकरी धरतो, मुलीचा गुडघा दुखावतो, तिच्याहून सरस खेळाडू सापडते. तेव्हा ‘परिस्थिती बदलली’ असे म्हणणे प्रौढाला जड जात नाही. मुलीला मात्र आपण घरी-दारी एकच शिकवलेले असते : दिला शब्द मोडू नये. मध्येच तिला वैद्यकीची ओढ लागली, खेळाचा वीट आला, तरी ती तोंड उघडत नाही. म्हणजे जो शब्द कायद्याने कोणालाच बांधत नाही, तो सर्वांत प्रामाणिक माणसाला तेवढा बांधतो. हा व्यवहार मुलीच्या भाबडेपणापेक्षा तिच्या सचोटीवर चालतो, म्हणून तो मला अधिक टोचतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याने सज्ञान नसलेल्यास करार करण्यास अपात्र ठरवले, त्यात मुलांचा अपमान नाही. मोठ्यांच्या हातून त्यांचे रक्षण आहे.

आपणही मुलांचे भवितव्य लवकर ठरवतोच ना, असा आक्षेप निघेल. आपल्या सीमाभागात मराठी माध्यम, कानडी की इंग्रजी, हे मूल पहिलीत जाण्याआधीच ठरते. खरे आहे. पण तो निर्णय आपला असतो आणि फसला तर दोषही आपल्याच माथी येतो. माध्यम बदलायला येणारे पालक माझ्यासमोर बसून ‘आमचे चुकले’ म्हणतात; मुलाने वचन मोडले असे कोणी म्हणत नाही. मुलासाठी ठरवणे वेगळे आणि मुलाकडून वदवून घेणे वेगळे. पहिल्यात जबाबदारी आपण उचलतो, दुसऱ्यात ती हळूच त्याच्या खांद्यावर ठेवतो.

२०१९ साली एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने नियम बदलला. दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने मुलीशी प्रवेशाची बोलणी करायचीच नाहीत, फोन कोणीही केलेला असो. सोळाव्या वर्षी सारे उमगते असे नव्हे. पण या नियमाचे मर्म मला पटते. मुलीने स्वप्न पाहण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती मोठ्यांनी तिच्याकडे शब्द मागण्यावर.

पाहुण्यांसमोर ‘डॉक्टर होणार ना? दे शब्द!’ असे आपणही सहज म्हणून जातो. मुलाने हो म्हटले तर कौतुकाने ऐकावे. त्याचे येणे मात्र लिहून ठेवू नये.